मिशीआडची तार

साधी दाढी

आमच्या दुकानात कुठलीच गोष्ट सलग होत नाही. गिऱ्हाईक खुर्चीत असतं तेवढीच ती चालते. टॉवेल झटकला की तुटते, आणि पुढचा बसला की कुठून तरी पुन्हा सुरू होते. भाऊंच्या तारेची गोष्ट मला तशीच तुकड्यातुकड्यांत मिळाली. सांगतोही तशीच.

दुकानात दोन खुर्च्या. दाराजवळची भाऊंची, दुकानही त्यांचंच. आतली माझी. भाऊ माझे सख्खे कुणी नव्हेत, पण त्यांच्या शेजारी उभं राहूनच माझे केस पांढरे झाले, म्हणून भाऊ.

त्या दिवशी भाऊ पोस्टमनची दाढी करत होते. एक गाल झाला, दुसऱ्यावर वस्तरा टेकवला आणि आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरगी म्हणते, तारा काढून टाका."

मी हातातलं काम थांबवलं. पोस्टमनला काहीतरी बोलायचं होतं, पण वस्तऱ्याखाली मान असली की माणूस सगळ्याच गोष्टींना मान्यता देतो. भाऊंनी उरलेला गाल नेहमीपेक्षा सावकाश उरकला. पोस्टमन उठला, गालावरून हात फिरवला आणि जाता जाता म्हणाला, की त्याच्या भाच्याने मधेच काढल्या होत्या, आता वर्षभरात दात पुन्हा होते तिथे.

भाऊंनी त्याच्या पाठीमागे टॉवेल झटकला, आणि केस नसतानाही झटकत राहिले.

केस, बाजूने बारीक

हे काम मोठं, म्हणून मागचं इथेच सांगून टाकतो.

भाऊंना एकच मुलगी. तिचे पुढचे पक्के दात आले ते ओठांच्या बाहेर डोकावतच आले. दुपारी शाळेतून ती दुकानात यायची, कारण वहिनी शिवणकामाच्या कारखान्यात संध्याकाळपर्यंत असतात आणि घराची किल्ली आमच्या आरशाशेजारच्या खिळ्याला. बाकावर पाय हलवत सफरचंद कुरतडत बसायची. भाऊ म्हणाले, ही तर आमची खार. खारीची खारू झाली. घरात खारू, दुकानात खारू, शाळेच्या फाटकाशी उभं राहून रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात खारू.

मग ती सायकलवरून पडली. गुडघ्याला काही नाही, कोपराला काही नाही, पुढच्या दाताचा टवका मात्र उडाला. दातांच्या डॉक्टरबाईंनी तो नीट करून दिला आणि भाऊंना सांगितलं, की ओठ मिटत नाहीत म्हणून हे दात कायम उघड्यावर आहेत. पुढच्या वेळी टवक्यावर भागणार नाही. तारा लावून ते आत घ्यायला हवेत.

तारा लागल्या. सुरुवातीला पोरगी उत्साहात होती. आम्हाला तोंड उघडून दाखवायची, बघा काका, माझ्या तोंडात रेल्वे. मग रबराची पाळी आली. हे रबर म्हणजे डाळीच्या दाण्याएवढं कडं. वरच्या सुळ्याच्या आकड्यात अडकवायचं आणि तिरकं खाली ओढून मागच्या दाढेच्या आकड्यात. दोन्ही बाजूंना. जेवताना आणि ब्रश करताना काढायचं, बाकी दिवसरात्र तोंडात, आणि रोज नवं. दात हलतात ते खरं त्या रबराने. मापं ओळखायला पुड्यांवर प्राण्यांची चित्रं असतात. तिच्या पुडीवर ससा होता.

ससा पुडीतच राहिला. ती रबर लावायची फक्त डॉक्टरकडे जायच्या दिवशी, जिना चढता चढता. डॉक्टरबाई काही कालच्या नव्हेत. दात जागचे हलले नव्हते, हिरड्या सुजल्या होत्या, तारेखाली कालचं खाणं होतं. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, की रबर नाही आणि सफाई नाही तर तारा ठेवण्यात अर्थ नाही. अस्वच्छ तोंडात तारा ठेवल्या तर दात सरळ व्हायच्या आधी त्यांच्यावर पांढरे डाग पडतील, आणि ते जन्माचे. काही आठवडे बघू, नाही तर काढू.

"काढाच," पोरगी म्हणाली होती.

का, ते कुणाला सांगेना. वहिनींनी गोडीने विचारलं. भाऊंची मोठी बहीण, म्हणजे पोरीची आत्या, तिने रागाने विचारलं. भाऊंनी तर दाताच्या कण्या केल्या. पोरगी मुकाट्याने किल्ली घ्यायची आणि निघून जायची. बाकावर बसणंही तिने सोडलं होतं.

कानामागचं राहिलं का? नाही. झाले केस.

लहान मुलाचे केस

चार-पाच वर्षांचं पोर. फळी टाकून वर बसवलं, चादर बांधली आणि मशीन सुरू केलं तसं ते भोकाड पसरून बापाच्या गळ्यात.

अशा वेळी भाऊंची एक रीत आहे. ते पोराला काही समजावत नाहीत. मशीन घेतात आणि स्वतःच्या हातावर फिरवतात. केसांचा एक पट्टा साफ होतो. मग म्हणतात, बघ, मला लागलं का? पोर रडणं थांबवून त्या पट्ट्याकडे बघतं. भाऊंच्या डाव्या हातावर कायम असे पट्टे असतात, पीक कापलेल्या शेतासारखे.

त्या दिवशीही त्यांनी मशीन हातावर फिरवलं. पोर गप्प झालं. पण भाऊ त्या पट्ट्याकडे स्वतःच बघत राहिले. मी म्हटलं, भाऊ, गिऱ्हाईक पुन्हा सूर लावेल.

त्यांनी पोराचे केस कापले, त्याच्या बापाला निरोप दिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "माझ्या वयात तारा लावतात का रे?"

मी म्हटलं, तुमचे दात कधी कुणी पाहिलेत?

हे खरंच होतं. इतकी वर्षं शेजारी उभा असूनही मी भाऊंचे वरचे दात पाहिले नव्हते. भाऊंची मिशी म्हणजे आमच्या दुकानाची पाटी. दाट, भरदार, वरचा ओठ पूर्ण झाकून खाली उतरलेली. माणसं पोरांना आणून म्हणायची, अशी राखायची असेल तर इथे ये. तिला भाऊ स्वतःच कात्री लावत, दुकान उघडायच्या आधी. हसायचे ते खांद्यांनी. मला वाटायचं, माणूस गंभीर आहे.

रंग

केसांना रंग लावला की वाट बघण्याशिवाय काम नसतं. गिऱ्हाईक पेपर वाचतं, आपण बोलायचं.

डॉक्टरबाईंनी भाऊंच्या हिरड्या तपासल्या, फोटो काढले, आणि बजावलं, की मोठ्या माणसाचं हाड पोरांसारखं ऐकत नाही. वेळ लागेल, शिस्त लागेल. भाऊ म्हणाले, शिस्त माझ्या धंद्यातच आहे. आणि लावून आले.

पहिला आठवडा मी विसरणार नाही. गालाच्या आतून सोलवटलेलं, जिभेला तार टोचते, 'शाम्पू' म्हणताना शिट्टी वाजते. जेवणाच्या डब्यात सूप आणि कुस्करलेलं केळं. डॉक्टरबाईंनी मेणाची कांडी दिली होती. त्यातला तुकडा मळून टोचणाऱ्या जागी बसवायचा. भाऊंचा हात सवयीचा असल्यामुळे मेण छान बसायचं, पण बोलता बोलता सुटायचं, आणि एकदा ते निवृत्त हेडमास्तरांच्या चादरीवर पडलं. हेडमास्तरांनी ते उचलून विचारलं, हे माझं की तुमचं?

आत्याबाई दुकानात येऊन गेल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, की लोक या वयात दात काढायला जातात आणि हा दागिने घालून आला. म्हाताऱ्या घोड्याला लगाम कशाला? भाऊंनी फक्त खांदे हलवले. आत्याबाई दाराशी थांबल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, लहानपणी आई माझ्या ओठावर बोट ठेवायची, मीट म्हणून. तुझ्याही ठेवायची, आठवतं का? एवढं बोलून गेल्या. मी तेव्हा प्रथमच लक्ष देऊन पाहिलं. त्याही ओठ ताणून धरूनच बोलतात.

आणि पोरगी? किल्ली घ्यायला आली, बापाने मोठ्या उमेदीने आ केला. ती जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, दिसत तर काहीच नाही. मिशी आहे ना.

तरीही करार झाला. तिने रबर लावायचं, यांनीही लावायचं. एकाने सोडलं तर दुसऱ्याचंही सुटलं. भाऊंच्या पुडीवर अस्वल निघालं. रोज दुपारी किल्लीबरोबर हिशेब व्हायचा. ती गाल ओढून ससा दाखवायची, हे मिशी वर करून अस्वल. आमच्या हात धुवायच्या बेसिनवर दोन ब्रश आले, तारेखालून फिरणारे बारीक, बाटली धुवायच्या ब्रशची पिल्लं. पोरगी हसत नव्हती, बाकावर बसत नव्हती, पण हिरड्यांची सूज उतरली आणि तिचे दात हळूहळू आत सरकू लागले. मलाही कळायला लागलं होतं, कारण तिचे ओठ मधूनच आपोआप मिटायचे.

बघा, झाला वेळ. चला, डोकं धुवायला.

दाढी, दोन हात

चांगली दाढी एका हातात होत नाही. पहिला हात सुलटा, केसांच्या दिशेने. पुन्हा फेस, मग दुसरा हात उलटा, केसांच्या विरुद्ध. दुसऱ्या हाताशिवाय गाल गुळगुळीत होत नाही. हे भाऊंनीच मला पहिल्या दिवशी शिकवलं.

पोरीचे दात सरकत होते आणि भाऊंचे ढिम्म. डॉक्टरबाई बुचकळ्यात पडल्या. रबर लावता ना? लावतो. दिवसभर? दिवसभर. रोज नवं? रोज. भाऊ खोटं बोलत नव्हते. फक्त डॉक्टरांच्या खुर्चीत बसायच्या आधी ते रबर काढून ठेवत, आमच्याकडे माणसं टोपी काढून बसतात तसं, मान म्हणून.

शेवटी बाई म्हणाल्या, माझ्यासमोर लावून दाखवा. भाऊंनी आरसा घेतला आणि सराईत हाताने दाखवलं. एक रबर वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेकडे. बाई मान हलवत होत्या. मग भाऊंनी दुसरं काढलं आणि उलट दिशेने लावलं, खालच्या सुळ्यापासून वरच्या दाढेकडे. दोन्ही बाजूंना झोकदार फुल्या.

बाईंनी विचारलं, हे दुसरं कुणी सांगितलं?

भाऊ म्हणाले, कुणी कशाला सांगायला हवं. एका हातात काम साफ होतं का?

हे सगळं मला पोरीने सांगितलं, तीही बरोबर गेली होती. सांगताना ती हसत होती, तोंडावर हात ठेवून, पण हसत होती. बाई म्हणाल्या होत्या, "अहो, एक रबर पुढे ओढतंय, दुसरं मागे. त्या दाताने जायचं कुठे?"

पण पुढचं सांगताना तिचा हात तोंडावरून खाली आला. बाईंनी एक सुळा हलवून पाहिला होता आणि तो खरोखरच हलला होता. दोन्हीकडून ताण घेऊन सैल झालेला. आता भाऊंचं रबर बंद. दात घट्ट होईपर्यंत तार नुसती ठेवायची, पुढचं नंतर बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरगी किल्ली घ्यायला आली. भाऊंनी विचारलं, ससा? तिने मान हलवली. नाही. करार दोघांचा होता.

माझ्या खुर्चीत माणूस होता, भाऊंच्या खुर्चीत फेस लावलेला माणूस होता. भाऊ ब्रश हातात धरून तिच्यामागे दारापर्यंत गेले. माझं चुकलं, त्यात तुझं काय, तुझे दात तर जागेवर येत आलेत, मधे सोडलंस तर फिरून तिथेच जातील, पोस्टमनच्या भाच्याचं बघ. किती बोलले. ती पायरीवर थांबली, पण वळली नाही.

"तुमचं काय, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मिशीत झाकून बसता. मी कुठे झाकू? वर्गात उभी राहिले की मागून कुरतडल्याचा आवाज काढतात. दात आत गेले म्हणून कोण थांबणार आहे? खारू म्हणायला त्यांना दात लागत नाहीत, नावच पुरतं. आणि ते नाव त्यांनी नाही ठेवलं."

ती गेली. भाऊंच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळला. भाऊंनी परत येऊन नवा फेस लावला. सुलटा हात मारला. उलटा मारलाच नाही. माणसाने गाल चाचपला आणि उठला.

नुसती मिशी

सुट्टीचा दिवस, म्हणजे आमच्याकडे सगळ्यांत गर्दीचा. बाकावर जागा नाही, दारात दोघे उभे. माझी खुर्ची रिकामी झाली आणि मी "कोण?" म्हणून पाहिलं तर भाऊ येऊन बसले. स्वतःच्या नव्हे, माझ्या खुर्चीत.

"घे," म्हणाले.

मला वाटलं कान कोरायचे. म्हटलं, काय घेऊ?

त्यांनी मिशीला बोट लावलं.

बाकावरचे पेपर खाली आले. हेडमास्तर म्हणाले, अहो, विचार करा, पाटी उतरवताय. मीही म्हटलं, घरी करा, सकाळी करा, चार लोकांत कशाला. भाऊ म्हणाले, लोकांतच करायची आहे.

माझ्या हाताखालून किती माणसं गेली, मोजली नाहीत. पण त्या दिवशी कात्री उचलली तर ती कुणा दुसऱ्याची वाटली. आधी कात्रीने उतरवली. मग फेस. मग वस्तरा. सुलटा हात मारला. भाऊ आरशात बघत म्हणाले, दुसराही मार. इथे चालतो.

टॉवेल काढला. खालचा ओठ उन्हात रापलेला आणि वरचा फिकट, इतकी वर्षं ऊन न पाहिलेला. आणि तो ओठ मिटत नव्हता. त्याच्याखालून पुढचे दात आणि त्यांच्यावरची तार सगळ्या दुकानाला दिसत होती. आरशात मला भाऊ दिसेनात. पोरीचं तोंड दिसत होतं, बापाच्या डोळ्यांखाली बसवलेलं.

एका बारक्या गिऱ्हाइकाला हसू आवरेना. त्याच्या बापाने त्याला चिमटा काढला. भाऊ त्या पोराकडे वळले आणि हसले. खांद्यांनी नव्हे, तोंडाने. अगदी दाढेपर्यंत. मग उठून आपल्या खुर्चीपाशी गेले आणि म्हणाले, कोण आहे पुढे?

त्या दिवशी बाकावरच्या प्रत्येकाने काही ना काही ऐकवलं. आता पाटी नाही तर दुकान ओळखायचं कसं. वहिनींनी घरात घेतलं तर बरं. तार बघून कुणी म्हणालं, भाऊ, रेडिओ लागतो का? भाऊ प्रत्येकाला तोंडभर उत्तर देत होते, आणि प्रत्येक उत्तराला त्यांचे कान लाल होत होते. ते फक्त मला दिसत होते, कारण मी बाजूने पाहत होतो.

दुपारी पोरगी आली. वहिनींनी पाठवलं होतं, डबा घेऊन. पायरीवरच थांबली. दुकानातले सगळे अचानक पेपर वाचू लागले.

भाऊंनी तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. नेहमीचं नाव ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. दुसरं कुठलं नाव चटकन सापडेना. कागदावरचं नाव बापाच्या तोंडी कधी बसलंच नव्हतं. उघड्या तोंडाने, तारेसकट, ते तसेच उभे होते.

पोरीने डबा ठेवला. बापाच्या समोर येऊन त्यांच्या हनुवटीला बोट लावून तोंड उजेडाकडे वळवलं. बरंच बघितलं. मला वाटलं, आता रडते.

"डावीकडे पाव अडकलाय," ती म्हणाली. "असे सकाळपासून सगळ्यांना दाखवत होतात?"

भाऊ बेसिनकडे गेले आणि खालमानेने ब्रश करू लागले. ती मोठ्या आरशासमोर उभी राहिली. खिशातून सशाची पुडी काढली. बाकावर गर्दी, दारात माणसं, आणि तिने आ करून, गाल बोटाने ओढून, एक बाजू लावली, मग दुसरी. पहिल्यांदा रबर सुटून हेडमास्तरांच्या पेपरवर पडलं. त्यांनी पेपर झटकला नाही, वर पाहिलं नाही. तिने नवं काढून लावलं.

जाताना किल्लीचा खिळा चाचपला, किल्ली नव्हती, कारण वहिनी घरीच होत्या. मग ती बाकावर बसली. म्हणजे हेडमास्तर सरकले आणि तिला जागा दिली.

केस, नेहमीसारखे

तिच्या तारा निघाल्या. आता तिला रिटेनर आहे, टाळूला चिकटणारी पातळ तबकडी आणि पुढे एक तार. डॉक्टरबाईंनी बजावलंय, की दातांना जुनं घर लवकर आठवतं, ही लावत राहिलीस तरच नव्या घरी राहतील. तिची निळी डबी बरेचदा आमच्या कंगव्यांच्या शेजारी असते. एकदा कुणी तरी तीत ब्लेड ठेवलं, तर सगळ्या दुकानाला बोलणी बसली. मलाच जास्त, कारण तो मीच.

शाळेतल्यांनी तिला चिडवणं सोडलं का, हे मी विचारलं नाही. भाऊंनीही नाही. त्यांनी एवढंच केलं, की ते नाव टाकलं. घरातही. तिला बोलवायचं असेल तर "ऐक गं" म्हणतात आणि अडखळतात, नवा वस्तरा हाताला बसत नाही तसे.

भाऊंचा सुळा घट्ट झाला. रबर पुन्हा सुरू झालं, एकच, सुलटं. अजून बरेच महिने जायचेत. मिशी काही परत आली नाही. गिऱ्हाइकं आता दुकान तारेवरून ओळखतात.

काल दुपारी ते बँकेतल्या साहेबांचे केस कापत होते. अर्धं डोकं झालं होतं. समोरच्या फुटपाथवरून शाळेतल्या मुलींचा घोळका चालला होता, हसत, एकमेकींच्या पाठीवर दप्तरं आपटत. त्यात आमचीही होती. भाऊंनी पाहिलं. कात्री थांबली. पूर्वी या अंतरावरून त्यांनी हाक घातली असती आणि सगळा रस्ता वळला असता. ते गप्प राहिले.

तीच थांबली. घोळकाही थांबला. रस्त्याच्या पलीकडून तिने बापाकडे बघून आपल्या गालाशी बोट नेलं आणि भुवया उंचावल्या. लावलंय का?

भाऊ पायरीवर गेले. एका हातात कात्री, दुसऱ्या हाताने गाल ओढला, आणि उन्हात उभे राहून सगळ्या रस्त्याला अस्वल दाखवलं. दोन्ही बाजू, एक एक करून. पलीकडे कुणी तरी खो खो हसलं. आमची पोरगी त्याहून मोठ्याने हसली, दोन्ही हात दप्तराच्या पट्ट्यांवर होते, आणि मैत्रिणीला काही तरी सांगत पुढे गेली.

साहेब खुर्चीतून म्हणाले, अहो, माझं अर्धं डोकं.

"आलो," भाऊ म्हणाले, पण गाल सोडायला त्यांना जरा वेळ लागला.